टंचाईतला उत्सव

गावात महोत्सव ठरला की एक आक्षेप हमखास येतो : रस्त्यात खड्डे, नळाला पाणी नाही आणि यांना गाणंबजावणं सुचतंय. आक्षेप घेणाऱ्याची तळमळ खरी असते, पण त्यामागचा हिशेब मला पटत नाही. आधी पोट, मग घर, काही उरलंच तर कला. एडिंबराचा उन्हाळी महोत्सव १९४७ साली कसा सुरू झाला ते पाहिलं की हा क्रम कोलमडतो.

युद्ध जिंकलेला ब्रिटन तेव्हा पोटाला चिमटा काढून जगत होता. ऐन युद्धात पावावर रेशन नव्हतं. ते १९४६च्या जुलैत आलं. पाठोपाठच्या हिवाळ्यात बर्फाने रेल्वे अडल्या, कोळसा मिळेना, विजेत कपात झाली. अशा वर्षी स्कॉटलंडच्या राजधानीने २४ ऑगस्टपासून तीन आठवडे संगीत, नाटक आणि बॅले करायचं ठरवलं.

कल्पना रुडॉल्फ बिंग यांची. व्हिएन्नात जन्मलेले हे ज्यू गृहस्थ नाझींमुळे इंग्लंडात आले होते आणि ग्लाइंडबोर्नच्या ऑपेराचा कारभार पाहत होते. युद्धाने खीळ बसलेल्या त्या ऑपेराला काम आणि पैसा हवा होता. एडिंबरालाही पाहुणे हवे होते. यात काही वावगं नाही. देवळाच्या जत्रेतही बाजार भरतोच. ब्रिटिश कौन्सिलचे हेन्री हार्वे वुड यांनी एडिंबराचा आग्रह धरला आणि तिथले महापौर, म्हणजे लॉर्ड प्रोव्होस्ट, जॉन फॉल्कनर यांनी तो तडीस नेला.

पण पहिल्या वर्षीचा खरा प्रसंग व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचा. १९३८मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, तेव्हा ज्यू संगीतकार ब्रुनो वॉल्टर यांचं ते शहर सुटलं. त्याच वाद्यवृंदाने आपल्या ज्यू वादकांना काढून टाकलं होतं. त्यांतले काही छळछावण्यांत मेले. युद्धकाळात उरलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे वादक नाझी पक्षाचे सदस्य होते. ते वॉल्टर एडिंबरात या वाद्यवृंदापुढे उभे राहिले. गायिका कॅथलीन फेरिअर संगीतकार मालरची गीतं गायली आणि अखेरच्या शब्दांशी येऊन रडू कोसळल्याने तिला ते पुरे करता आले नाहीत. याला क्षमा म्हणायला मी धजत नाही. मेलेल्यांच्या वतीने क्षमा करणारा कोण? तरीही एका सभागृहात, एका तालावर वॉल्टर आणि त्या वादकांना पुन्हा एकत्र श्वास घेता आला. त्या वर्षी यासाठी एखादी जागा असणं पावाइतकंच निकडीचं होतं, असं मी मानतो.

शहरातल्या सामान्य माणसालाही ते उमगलं असावं. महोत्सवासाठी किल्ल्यावर रोषणाई करायची होती. इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांनी नकार दिला. टंचाई पाहता तो चुकीचाही म्हणता येत नाही. तेव्हा लोक पुढे आले आणि आपल्या वाट्याचा रेशनचा कोळसा देऊ लागले. गेल्या हिवाळ्यात गारठलेली ही माणसं, आणि पुढचा हिवाळा तोंडावर. शेवटी मंत्र्यांनी परवानगी दिली आणि काही रात्री का होईना, काळ्या कातळावरचा तो किल्ला उजळला.

आणखी एक गोष्ट त्याच वर्षी घडली. आठ नाटक मंडळ्या निमंत्रण नसताना आल्या आणि मिळेल त्या जागी प्रयोग लावून बसल्या. एकीचा प्रयोग तर फोर्थच्या खाडीपलीकडे, डनफर्मलिनच्या ॲबेत झाला. त्यांना कुणी हुसकावलं नाही. त्यातूनच ‘फ्रिंज’ उभा राहिला आणि पसाऱ्याने मूळ महोत्सवाहून कितीतरी मोठा झाला. तिथे आजही निवड समिती नाही. जागा मिळवा आणि प्रयोग करा.

मात्र ती जागाच आता परवडत नाही. पहिल्या वर्षी हॉटेलं अपुरी पडणार म्हणून नागरिकांनी घरातल्या खोल्या पाहुण्यांना दिल्या होत्या. आता ऑगस्टमधली भाडी अशी चढतात की नवख्या कलावंताची कमाई झोपायच्या जागेतच संपते, कित्येकांना पदरमोड करावी लागते. निवड समिती नाही, पण घरमालक ते काम करतो. उन्हाळ्यात विद्यार्थी घरी गेल्यावर वसतिगृहांतल्या खोल्याही त्याच चढ्या बाजारात जातात. त्यांतला एक हिस्सा तरी नगर परिषदेने आणि विद्यापीठांनी अशा नवख्या कलावंतांसाठी माफक भाड्यात राखून ठेवायला हवा, आणि तो पुढच्या ऑगस्टच्या आधी.