एक्सपी वापरा, पण कोणाच्या खर्चाने?

मराठी छपाईच्या धंद्यात अजूनही असे संगणक आहेत, ज्यांच्या पडद्यावर निळे आकाश आणि हिरवी टेकडी दिसते. विंडोज एक्सपी. 25 ऑक्टोबर 2001 ला बाजारात आलेली आणि 8 एप्रिल 2014 ला मायक्रोसॉफ्टने वाऱ्यावर सोडलेली. तिच्यावर पाने मांडणारा पेजमेकर, पेजमेकरात मराठी टाइप करण्यासाठी श्रीलिपी किंवा आयएसएम, मागे खोचलेले त्यांच्या परवान्याचे डोंगल, आणि पुढ्यात बसलेला ऑपरेटर असा की, की-बोर्डकडे न बघता लग्नपत्रिकेपासून पीएच.डी.च्या प्रबंधापर्यंत काहीही जुळवून देईल. नवे का घेत नाही, असे विचारले की तो म्हणतो, “चालतंय ना? मग?”

या उत्तराला हसणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. नवे विकायला येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण नव्याचा इतिहास फारसा भूषणावह नाही. 2007 मध्ये व्हिस्टा आली, ती इतकी जड की, लोकांनी नवे संगणक विकत घेऊन त्यांवर पुन्हा एक्सपी चढवून घेतली. 2012 मध्ये विंडोज 8 ने स्टार्टचे बटणच काढून टाकले, ओरड झाली आणि वर्षभराने बटण परत आले. मधल्या काळात ज्यांचे हात अडले, त्यांना कोणी विचारले नव्हते.

आताचा प्रकार त्याहून गंभीर आहे. 2021 मध्ये आलेल्या विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा-सोय लागते आणि साधारणपणे 2017-18 नंतरचाच प्रोसेसर लागतो. त्याआधीचा संगणक कितीही ठणठणीत असो, त्याला रीतसर प्रवेश नाही. आणि 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा आधारही संपला. या निर्णयामुळे सुमारे 24 कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या संशोधनसंस्थेने आधीच वर्तवला होता. घरगुती ग्राहकाला आणखी एक वर्ष सुरक्षेची डागडुजी हवी असेल, तर 30 डॉलर भरा, कंपनीचे बक्षीस-गुण मोजा, नाहीतर आपल्या संगणकाच्या सेटिंग्ज कंपनीच्या खात्याशी जोडा, अशी योजना निघाली. युरोपात ग्राहक संघटना भांडल्या आणि तिथल्या लोकांना ही मुदतवाढ फुकट मिळाली. आपल्याला नाही, कारण आपण भांडलो नाही. मुंबई ग्राहक पंचायतीसारखी जागती संस्था आपल्याकडे आहे. हा विषय तिच्या दारात नेणारे ग्राहक मात्र आपल्याला व्हावे लागेल.

तेव्हा जुने धरून ठेवण्यात मागासलेपण आहे, असे मला मुळीच वाटत नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन हे जगप्रसिद्ध कादंबरीकार डॉस ही जुनी प्रणाली चालवणाऱ्या संगणकावर वर्डस्टार 4.0 या लेखन-प्रोग्राममध्ये लिहितात. आपण टाइप केले तेवढेच पडद्यावर यावे, न विचारता शब्द सुधारून देणारा मदतनीस आपल्याला नको, असे त्यांचे म्हणणे आहे. पण तो संगणक इंटरनेटला जोडलेला नाही. इंटरनेटसाठी त्यांच्याकडे दुसरा आहे. मार्टिन यांच्या आवडीची किंमत मार्टिन स्वतः मोजतात. आपल्याकडच्या एक्सपीप्रेमींना मी एवढेच विचारतो: तुमच्या आवडीची किंमत कोण मोजतो?

12 मे 2017 रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत अंदाजे 19,000 भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. पहिला आरोप एक्सपीवर झाला. पुढे तपासात दिसले की, त्याच्या तावडीत सापडलेले बहुतेक संगणक विंडोज 7 चे होते. तिचा आधार तेव्हा चालू होता आणि ते भोक बुजवणारी दुरुस्तीही दोन महिने आधी, मार्चमध्येच, आलेली होती. ती बसवलीच नव्हती. म्हणजे वय हा गुन्हा नव्हता, हेळसांड होती. हे एक्सपीच्या बाजूचे झाले. विरुद्ध बाजू अशी की, विंडोज 7 वाल्याने काळजी घ्यायची म्हटली तर त्याच्यासाठी औषध तयार होते, एक्सपीवाल्या सामान्य माणसासाठी ते हल्ला झाल्यावरच, अपवाद म्हणून, निघाले. आधार संपलेली प्रणाली जपायची तर एकच खात्रीचा उपाय उरतो: तिची इंटरनेटची वायर काढणे.

आपल्याकडे नेमके तेच होत नाही. त्याच एक्सपीवर ईमेल उघडतो, त्याच संगणकात गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह एकामागून एक जातात. झेरॉक्सच्या दुकानात आधारकार्डे आणि सातबारे डेस्कटॉपवर तसेच पडून असतात. पतसंस्थेच्या सभासदांच्या याद्या, दवाखान्यातल्या रुग्णांचे रिपोर्ट, सोसायटीच्या भाडेकरूंचे करार, सगळे त्यात. यांपैकी एकाही माणसाने ‘माझी माहिती एक्सपीवर ठेवा’ असे सांगितलेले नाही. बँकांचीही तीच तऱ्हा होती. एक्सपीचा आधार 2014 मध्ये संपला, तरी एटीएममधून ती काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेला जून 2018 मध्ये टप्पे ठरवून द्यावे लागले आणि शेवटची मुदत जून 2019 ची ठेवावी लागली. पैसे लोकांचे, म्हणून निदान तिथे कोणीतरी छडी उगारली. पतसंस्थेवर आणि दवाखान्यावर ती कोण उगारणार? स्वतःच्या शाईच्या हिशेबासाठी एक्सपी वापरणाऱ्याला माझा नमस्कार. दुसऱ्याच्या कागदांसाठी ती नेटवर ठेवणारा काटकसरी नाही, बेफिकीर आहे.

दुसरे बिल याहून मोठे आहे आणि ते थेट मराठीच्या नावावर फाटले आहे.

पेजमेकरची शेवटची आवृत्ती, 7.0, 2001 ची. तिला युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत, कळत नाही. पेजमेकर-श्रीलिपीच्या मजकुरात ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेला नसतोच. रोमन अक्षरे आणि चिन्हे यांच्या जागा घेऊन त्यांवर मराठी आकार चढवलेले असतात. तो फॉन्ट असेपर्यंत कविता, फॉन्ट गेला की चिन्हांचा कचरा. अशा फाइलमध्ये ‘केशवसुत’ शोधून सापडत नाहीत. दृष्टिहीन वाचक आज पडदावाचक प्रोग्राम लावून मराठी ऐकू शकतो, पण या मजकुरापाशी त्याला निरर्थक बडबड ऐकू येते. 1869 मध्ये जावजी दादाजींनी काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचे पुस्तक आज कोणीही हातात घेऊन वाचू शकतो, त्याचे खिळे कुठे गेले याची चौकशी करावी लागत नाही. 2003 मध्ये जुळवलेल्या दिवाळी अंकाची फाइल मात्र एका विशिष्ट संगणकावर, विशिष्ट फॉन्टसह, विशिष्ट डोंगल जिवंत असेल तरच उघडते. आपण कागदापेक्षा नाशवंत संग्रह उभा केला आणि त्याला आधुनिकीकरण म्हटले.

यात बिचाऱ्या एक्सपीचा दोष कमीच. युनिकोड मराठी तिच्यात होती. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करायची आणि सीडी घालायची, की मंगल फॉन्ट हजर. आम्हीच तिकडे गेलो नाही. त्यालाही तेव्हा सबळ कारण होते. पेजमेकर काढणाऱ्या अडोबीच्या जुन्या प्रोग्रामांत युनिकोड मराठी टाकली की जोडाक्षरे तुटायची, रफार भलतीकडे जायचा, पहिली वेलांटी नको त्या बाजूला उभी राहायची. अशी पाने कोणता स्वाभिमानी जुळारी छापायला देईल? पण साधारण 2012 पासून अडोबीच्याच इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या नीट बसू लागल्या, आणि स्क्रायबस, लिबरऑफिस यांसारखे फुकट प्रोग्रामही आज मराठी धडपणे हाताळतात. 2005 मधले कारण 2025 मध्ये सांगितले की त्याला सबब म्हणतात.

प्रकाशकांची जबाबदारी यात ऑपरेटरपेक्षा जास्त आहे. पुस्तक छापून झाले की त्यांना फाइलशी देणेघेणे नसते. लेखकालाही फक्त पीडीएफ मिळते आणि तो खूश असतो. यापुढे कामाच्या पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे की, पीडीएफबरोबर युनिकोडमधला संपूर्ण मजकूर मिळाल्याशिवाय बिल चुकते होणार नाही. लेखकांनी करारात तसे कलम घालावे. ग्रंथालये आणि साहित्यसंस्था यांनी आपल्या अनुदानित पुस्तकांपुरती तरी ही अट लावावी. जुन्या फाइलींसाठी परिवर्तक प्रोग्राम मिळतात, मात्र ते जोडाक्षरांत आणि रफारांत चुका करतात, त्यामुळे प्रत्येक पान माणसाने डोळ्यांखालून घालावे लागते. त्याचे पैसे पडतील. मोबदला पानाप्रमाणे ठरवावा आणि तो प्रकाशकाने द्यावा, कारण मालमत्ता त्याची आहे. हे काम करायला एक्सपीसमोर बसलेल्या त्या ऑपरेटरइतका लायक माणूस दुसरा नाही. कोणत्या फॉन्टमध्ये ‘ऱ्य’ कुठे दडवलेला आहे, हे त्याला पाठ आहे. यांतले बरेच जण आता साठीच्या आसपास आहेत, तेव्हा पुढच्या दिवाळी अंकांची घाई सुरू होण्याआधी जुन्या फाइलींच्या सीड्या कपाटातून काढून त्यांच्याकडे पोचवाव्यात.