पुराव्याचा धर्म

राजकारणात धर्म आणावा की नाही, हा वाद आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. एक पक्ष म्हणतो, धर्म देवघरात राहू द्या. दुसरा म्हणतो, धर्म वजा केला तर राजकारणात सत्तेच्या ओढाताणीखेरीज उरते काय? दोघांच्याही मनात धर्म म्हणजे दैवत, ग्रंथ, उत्सव आणि त्यांच्याभोवती जमणारा समुदाय. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ च्या जूनमध्ये पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान मिळाले पाहिजे, असे त्याच्या घटनेच्या प्रस्तावनेतच लिहिले. पण त्या प्रस्तावनेत ईश्वरी योजनेवरची श्रद्धा असली, तरी कोणते एक दैवत नाही, ग्रंथ नाही, परलोकही नाही. ज्या माणसाची कीर्ती अंदाजपत्रकावरच्या भाषणांसाठी, त्याने हे लिहावे याचे अनेकांना कोडे पडते, आणि ‘त्या काळची भाषाच तशी होती’ म्हणून ते सोडून दिले जाते. माझ्या मते तसे सोडून देण्यात गोखल्यांचा सगळ्यात मोलाचा विचार हातचा जातो. राजकारणातला धर्म म्हणजे बोललेल्या प्रत्येक शब्दाला पुराव्याशी बांधून घेणे आणि त्यासाठी नुकसान सोसायला तयार राहणे, अशी त्यांची समजूत होती. ती त्यांनी सिद्धान्त म्हणून फारशी मांडली नाही. ती त्यांच्या वागण्यातून काढावी लागते, आणि तिची सुरुवात होते त्यांच्या सर्वांत मोठ्या मानहानीपासून.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले इंग्लंडला गेले होते. इकडे पुण्यात प्लेगची साथ आणि रँडची प्लेग समिती. गोरे सोजीर घरोघर शिरत होते, स्वयंपाकघर पाहत नव्हते की देवघर. पुण्याच्या मित्रांची पत्रे गोखल्यांना जात होती. सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीने नंतर जीव दिला, असे त्यांत होते. जुलैच्या आरंभी गोखल्यांनी ही हकीकत ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितली. तोवर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि वातावरण पेटलेले होते. मुंबई सरकारने आरोप साफ नाकारला आणि पुरावा मागितला. गोखले बोटीने परत निघाले, तेव्हा वाटेतच त्यांना मित्रांची पत्रे मिळाली: आमची नावे सांगू नका. मुंबईच्या बंदरात बोट लागली, तेव्हा पोलीस कमिशनर भेटीला हजर. माहिती देणाऱ्यांपैकी कोणी पुढे यायला तयार नव्हते, स्वतः गोखल्यांनी काही पाहिलेले नव्हते. काही दिवस आधीच टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती. अशा वेळी, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, गोखल्यांनी बिनशर्त माफी प्रसिद्ध केली. एक पुढारी तुरुंगात आणि दुसरा सरकारची क्षमा मागतो आहे, हे चित्र महाराष्ट्राने विसरणे शक्यच नव्हते. भित्रेपणाचा शिक्का गोखल्यांवर बसला तो बसलाच.

मित्रांची नावे त्यांनी सांगितली नाहीत, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. ती सांगून स्वतःची सुटका करून घेणे सर्वांत सोपे होते. अत्याचार झालेच नाहीत असेही त्यांना कुठून कळले नव्हते. एवढेच कळले होते की जे आपण जगापुढे सांगितले ते सिद्ध करण्याचे साधन आपल्यापाशी नाही. आरोप खरा असेल, पण तो खरा आहे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरलेला नाही, हा भेद त्यांनी केला. चळवळीच्या धामधुमीत असा भेद करायला फार कमी माणसे थांबतात. इथवर मी गोखल्यांच्या बाजूने आहे. पण माफीपत्राचा सगळा मजकूर मात्र मला पटत नाही. सिद्ध न होणारे दोन आरोप मागे घेणे हा सत्याचा आग्रह होता. त्यापुढे जाऊन सोजिरांची सरसकट क्षमा मागणे, त्यांच्या कामाची वाखाणणी करणे याला पुराव्याचा आधार नव्हता. देवघरात बूट घालून शिरणे, सामानसुमान रस्त्यावर फेकणे, बायामाणसांची अप्रतिष्ठा यांच्या तक्रारी पुण्यात घरोघर होत्या आणि त्यांना साक्षीदारही होते. म्हणजे ज्या कसोटीने त्यांनी माघार घेतली, त्याच कसोटीवर त्यांची माफी अर्धी उतरते. हे बोलल्यावाचून त्यांची बाजू मांडणे म्हणजे त्यांच्याच तत्त्वाशी बेइमानी होईल.

या भूमिकेवरचा खरा आक्षेप टिळकांचा आहे, आणि तो हलका नाही. १९२० च्या आरंभी गांधींशी झालेल्या वादात टिळकांनी सांगितले की राजकारण हा संसारी माणसांचा खेळ आहे, साधूंचा नव्हे. समोरचा जसा वागेल तसे त्याच्याशी वागावे, असे कृष्णाचे सांगणे आहे. गोखले निवर्तले त्याच १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त याची तात्त्विक बैठक आहेच. लोकसंग्रहासाठी कर्म करणाऱ्याने स्वतःच्या अंतःशुद्धीचेच कौतुक करत बसू नये. गोखल्यांना हे लागू केले तर प्रश्न असा होतो: पुरावा गोळा करण्याची सगळी यंत्रणा ज्याच्या हाती, तोच पुरावा मागतो, साक्षीदार पुढे येत नाहीत ते त्याच्याच धाकाने, मग एकट्या दुबळ्या पक्षाने पुराव्याचे व्रत पाळणे म्हणजे आपलेच हात बांधून घेणे नव्हे काय? या युक्तिवादातली पहिली दोन पावले मी मान्य करतो. सत्तेपुढे साक्ष देणे जोखमीचे असते आणि म्हणूनच अत्याचार पुष्कळदा कागदावर येत नाहीत. पण त्यातून निघते ते इतकेच की साक्षीदाराला धीर देण्याचे, नोंदी ठेवण्याचे, संकटाच्या जागी हजर राहण्याचे काम दसपट करावे लागेल. नोंदीची जागा अंदाजाने भरून काढण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. पुढच्या साथीत गोखले पुण्यात प्लेगचे स्वयंसेवक म्हणून फिरले. ऐकीव हकीकतीवर पोळलेला माणूस या वेळी स्वतः वस्तीत उभा होता.

या व्रताने काय साधले, ते पाहायचे असेल तर २६ मार्च १९०२ चे कलकत्त्याच्या मध्यवर्ती कायदेमंडळातले भाषण पाहावे. सरकारच्या तिजोरीत लागोपाठ काही वर्षे शिल्लक पडत होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून दाखवली जात होती. लागोपाठच्या दुष्काळांनी माणसे मेली त्याच वर्षांची ही शिल्लक! गोखल्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. रुपयाचा भाव उतरत होता तेव्हा विलायतेची देणी भागवण्यासाठी कर वाढवले गेले. १८९३ मध्ये टांकसाळी बंद करून रुपया वर चढवला, विलायतेला पाठवायची रक्कम त्यामुळे हलकी झाली, पण वाढवलेले कर तसेच राहिले. तेव्हा शिल्लक दिसते ती लोकांची समृद्धी नव्हे, गरजेपेक्षा जास्त काढून घेतलेला कर होय. मिठावर तेव्हा मणाला अडीच रुपये कर होता. तो १९०३ मध्ये दोन रुपयांवर, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. हे सर्व श्रेय एकट्या गोखल्यांना देणे अतिशयोक्ती होईल, पण त्यांच्या आकड्यांना खोडता येत नव्हते ही गोष्ट खरी. रानड्यांच्या हाताखाली सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी घासूनपुसून लिहिण्याची लागलेली सवय आणि गणेश व्यंकटेश जोशींसारख्या आकडेतज्ज्ञाची साथ यांचे हे फळ. त्यामागे सत्त्याण्णवची जखमही होती, असे मला नेहमी वाटते.

आता कोणी विचारील, याला धर्म कशाला म्हणायचे? प्रामाणिकपणा म्हणा, नीती म्हणा, चांगल्या वकिलाची शिस्त म्हणा. हा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो, कारण गोखले तारुण्यात मिल-स्पेन्सर वाचणाऱ्या पिढीतले आणि कर्मकांडापासून दूरच राहिलेले. पण माफीनंतर सहाच महिन्यांनी, १८९८ च्या फेब्रुवारीत, त्यांनी स्वतःपुरते काही संकल्प लिहून ठेवले, आणि ते श्रीगुरु दत्तात्रेयाच्या कृपेचे स्मरण करून लिहिले. त्या कागदावर योगाचा नियमित अभ्यास आहे, इतिहास आणि तत्त्वज्ञान आहे, खगोल आणि भूगर्भशास्त्र आहे. मुंबईचे कायदेमंडळ, मध्यवर्ती कायदेमंडळ आणि ब्रिटिश पार्लमेंट यांचे सभासद होण्याची इच्छा आहे. आणि शेवटी श्रेष्ठ अशा तत्त्वज्ञानमय धर्माचा जगभर उपदेश करण्याचा निश्चय आहे. चारचौघांत तोंड दाखवायची चोरी झालेला एकतीस वर्षांचा प्राध्यापक योगाभ्यास आणि पार्लमेंट एकाच यादीत लिहितो, कारण त्याच्या लेखी ती एकाच साधनेची अंगे आहेत. नीतीला कारण लागते: प्रामाणिक राहिल्याने विश्वास वाढतो, विश्वासाने काम होते. १८९७ मध्ये हे कारण कोसळले होते. प्रामाणिकपणाने विश्वास गेला होता, काम थांबले होते, आणि तरीही तो सोडायचा नव्हता. हिशेब जुळत नसतानाही जी बांधिलकी टिकते, तिला मी धर्म म्हणेन. भारत सेवक समाजाच्या सात प्रतिज्ञांत हेच आहे. देश मनात प्रथम ठेवीन, स्वतःसाठी धन मिळवण्यात शक्ती घालवणार नाही, कोणाशी व्यक्तिगत भांडण करणार नाही: यांतल्या एकीच्याही बदल्यात काही देऊ केलेले नाही.

हा सुशिक्षितांचा, कागदावरचा धर्म झाला, त्यात रयत कुठे आहे, असेही म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. गोखल्यांच्या मागे लोकसमुदाय कधी उभा राहिला नाही. पण पुराव्याचा आग्रह सरकारवर चालवून ते थांबले नाहीत. १९०३ साली धारवाडच्या सामाजिक परिषदेत त्यांनी तोच आपल्या समाजावर वळवला: दक्षिण आफ्रिकेत हिंदी माणसाला मिळणाऱ्या वागणुकीवर आपण संतापतो, मग आपल्याकडे अस्पृश्य मानलेल्यांना आपण कसे वागवतो ते पाहा. एकच माप दोन्हीकडे लावणे हा त्यांच्या धर्माचा गाभा होता. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक १९१२ च्या मार्चमध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. ते पडणार हे त्यांना ठाऊक होते, तरी वर्षभर त्यांनी देशोदेशींच्या शिक्षणाचे कोष्टक सभागृहापुढे ठेवण्यात कसूर केली नाही.

गोखल्यांच्या मार्गाची सीमा सर्वांत स्पष्ट दिसते ती त्यांना राजकीय गुरू म्हणणाऱ्या गांधींच्या शेजारी. राजकारण धर्ममय करण्याची कल्पना गांधींनी उचलली आणि देशभर नेली, यात शंका नाही. पण गांधींचा शेवटचा आधार अंतरात्म्याचा आवाज होता, आणि तो दुसऱ्याला तपासता येत नाही. गोखल्यांचा आधार विरोधकालाही उघडून पाहता येत होता. विलायतेतला अर्थमंत्री आणि कलकत्त्याचा व्हाइसरॉय तेच कोष्टक वाचू शकत होते. पहिल्या मार्गाने कोट्यवधी माणसे हलली, दुसऱ्याने मिठाचा कर हलला, आणि या दोन गोष्टी एका तराजूत घालणे मला जमत नाही. तरी धर्माच्या नावाने कोणीही काहीही सांगू लागतो, अशा दिवसांत मला दुसरा मार्ग अधिक सुरक्षित वाटतो, कारण त्यात चुकणाऱ्याला पकडता येते. गोखल्यांनाही हा फरक जाणवला असावा. ‘हिंद स्वराज्य’ त्यांना कच्चे वाटले होते, आणि १९१५ च्या जानेवारीत गांधी परतले तेव्हा त्यांच्याकडून त्यांनी वचन घेतले: वर्षभर देश हिंडून पाहा, तोवर सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नका. पुढच्याच महिन्यात, १९ फेब्रुवारीला, गोखले गेले. भारत सेवक समाजातल्या काही सभासदांना गांधींची रीत आपली वाटेना, तेव्हा गांधींनी प्रवेशाचा अर्ज आपण होऊन मागे घेतला. वचन मात्र त्यांनी पाळले. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून वर्षभर ते देश पाहत फिरले, आणि १९१६ च्या फेब्रुवारीत बनारसला हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात बोलायला उभे राहिले.