प्लग बदलण्याआधी

दाभोशाला रस्त्याच्या कडेला पिकअप उभी करा, इंजिन बंद करा आणि पान्याला हात लावू नका. घाट चढून हेड तापलेलं आहे. ते ॲल्युमिनियमचं; गरम असताना प्लगवर जोर लावला तर हेडचे आटे जातात. गार होईस्तोवर बसा. जवळच लेंडी नदी तीनशे फुटांवरून उडी घेते. श्वासाला घाई नसू द्या.

जव्हार-मोखाड्यात दिसणाऱ्या बहुतेक पिकअप डिझेलच्या. त्यांना ठिणगी लागत नाही. दाबून तापवलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. ही मात्र पेट्रोलची, चार सिलिंडरची, इंजिन सीटखाली. पावणेदोन लाख किलोमीटर झालेत. इथल्या पाड्यांवर आता मोगरा होतो, आणि कळ्या दादरच्या फूलबाजारात उमलण्याआधी पोचाव्या लागतात. अशा मालाखाली गाडी चढावर मिसिंग मारू लागली की वाडीवाल्याच्या सगळ्या मोसमाची काळजी वाटते. म्हणून हे काम मनापासून करायचं.

आता सीट उचला. पहिल्या सिलिंडरची कॅप धरा. ओढायची ती कॅपला धरून, वायरीला कधीच नाही. कॅपच्या आत बोट फिरवून पाहा, ओल लागते का. पावसाळ्यात इथली हवा इतकी दमट असते की वीज प्लगच्या टोकापर्यंत न जाता बाहेरूनच हेडमध्ये उतरते, आणि दोष नाहक प्लगला लागतो. मग भोकाभोवती हवा मारा. तिथे साठलेल्या लाल धुळीचा एक खडा आत पडला तर सिलिंडरला चरे पडतील.

प्लग सैल करा, बाहेर काढा, तळहातावर ठेवा. बाकीच्या तिघांना अजून हात लावू नका. एका वेळी एकच.

बघत राहा. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर फोर-स्ट्रोक इंजिनातला एक प्लग हजार वेळा पेटतो. घाटातल्या अर्ध्या तासात तीस हजार ठिणग्या झाल्या. प्रत्येक ठिणगीने धातूचा अगदी बारीकसा कण नेला. नव्या इलेक्ट्रोडची धार गेली, कडा गोल झाल्या, गॅप वाढला. तेवढं अंतर ओलांडायला कॉईलला आता जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. भार आला की ते पुरत नाही. चढावरचं मिसिंग बहुधा इथून येतं.

रंग पाहा. दुधाच्या चहासारखा फिकट तपकिरी असेल तर तो सिलिंडर सुखात आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी कमजोर आहे. पांढुरका, फोड आलेला असेल तर आत उष्णता जास्त आहे. आणि ओला, तेलकट असेल तर ऑइल वर येतंय. रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील थकलेत. अशा वेळी नवा प्लग काही दिवसांचाच दिलासा. मालकाला ते आजच स्पष्ट सांगा. जुने प्लग न बघता टाकून देणं मला या कामातली सर्वांत मोठी हेळसांड वाटते. इंजिनाच्या आतलं इतकं खरं दुसरं कुठे दिसतं?

नव्या प्लगचा गॅप फिलर गेजने तपासा, गाडीच्या पुस्तिकेत दिलाय तेवढाच. आता पाना बाजूला ठेवून बोटांनीच प्लग फिरवा. अडला तर उलटा फिरवा, पुन्हा लावा. बोटांना आटे सापडेपर्यंत थांबा. वॉशर टेकला की मग पान्याने साधारण अर्धा फेरा. हात आणखी आवळू पाहील, त्याला थांबवा.

चौघेही असेच, क्रमाने. कॅप दाबून बसवा, गाडी सुरू करा, हात न लावता आवाज ऐका. एकसारखा असेल तर सीट खाली घ्या. आजचे किलोमीटर आणि चारही जुन्या प्लगांचे रंग, सिलिंडरच्या नंबरासकट, वहीत लिहा. पुढच्या वेळी तुलनेला लागतील.