झिजणे निराळे, तडकणे निराळे

वाचकहो, प्रश्न दिसावयास गॅरेजातला आहे. परंतु त्याने आमच्या दिंडीतल्या चार शहाण्या माणसांची झोप उडविली, म्हणून तो येथे मांडतो.

आमच्या दिंडीबरोबर तीन सिलिंडरांची एक पेट्रोल व्हॅन असते. कुणाच्या पायाला फोड आले, कुणा म्हातारीला चक्कर आली, तर त्यांना मुक्कामापर्यंत पोचविणे एवढेच तिचे काम. मागल्या आषाढीस दिवेघाट चढताना ती निळा धूर ओकू लागली. आजारी माणूस आत बसलेला, आणि मागून येणाऱ्या बायाबापड्या नाकाला पदर लावून चाललेल्या. एकाची सेवा आणि शंभरांना त्रास, असा तो देखावा होता. मुक्कामी तेलाची पट्टी काढून पाहिली, तर टोकाला ओल लागलेली तेवढीच.

वारी करून गावी परतलो आणि बैठक भरली. जुनी मंडळी म्हणाली, "या गाडीनं आपली माणसं जगवली. हिचं इंजिन भंगारात घालायचं? खोलून नीट करा." तरुणांचे म्हणणे, "दुरुस्तीला ४० हजार आणि पंधरा दिवस. जुन्या बाजारातलं इंजिन २५ हजारांत मिळतं, दोन दिवसांत बसतं." आम्ही जुन्यांच्या बाजूचे होतो, हे कबूल करतो. पण नंतर ध्यानात आले की इंजिन आतून कसे आहे हे दोन्ही पक्षांपैकी कुणीच पाहिले नव्हते. एका बाजूस ममता बोलत होती, दुसऱ्या बाजूस घाई.

मिस्त्री म्हणाले, "बुवा, आधी दाब मोजू, मग भांडा." त्यांनी प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. एकाचा फारच कमी भरला. त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजला, तर काटा वर चढला. तेलाने फट भरून दाब वाढला, म्हणजे गळती पिस्टनच्या रिंगांपाशी होती. काटा हलला नसता, तर व्हॉल्व्ह किंवा हेडचे गॅस्केट पाहावे लागले असते.

मग इंजिन उतरविले. तेथे मिस्त्रींनी दाखविलेली एक गोष्ट आम्ही विसरणार नाही. क्रँक पोलादी आणि कठीण. परंतु तो ज्या बेअरिंगांत फिरतो, त्यांचा आतला थर मुद्दाम मऊ धातूचा असतो. तेलातून कचरा आला तर तो त्या थरात रुतावा, झीज व्हायची तर आधी बेअरिंगाची व्हावी आणि क्रँक वाचावा, अशी ती योजना आहे. म्हणजे जे झिजले ते निकामी ठरले असे नव्हे. ते आपले काम करून झिजले. बेअरिंग बदलता येते, रिंगा बदलता येतात. सिलिंडर झिजला तर तो पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा बोअर करून त्या मापाचा पिस्टन घालतात. मात्र दर खेपेस भिंत पातळ होते, म्हणून यालाही मर्यादा आहे. आणि ब्लॉकच तडकला, किंवा क्रँक घासून घासून शेवटच्या मापाखाली गेला, तर कितीही जीव असला तरी ते इंजिन सोडावेच लागते. आधार शाबूत असेल तर झिजलेले बदलावे. आधारच गेला तर हट्ट सोडावा. हा निर्णय मायेने होत नाही, मापाने होतो.

बाजारातल्या इंजिनाचाही विचार केला. ते आतून किती झिजले आहे हे कोण सांगणार? शिवाय इंजिनाचा नंबर गाडीच्या आरसी पुस्तकात असतो. इंजिन बदलले की आरटीओकडे त्याची नोंद करावी लागते. ज्याला कागद नाही ते कुणाच्या गाडीतून उचलले, हे न विचारता त्यावर आजाऱ्यांची सेवा करणे आम्हांस पटेना.

तेवढ्यात बैठकीतून तिसरी वाट निघाली. एक गृहस्थ हळूच म्हणाले, "घट्ट तेल भरलं की धूर चार दिवस दबतो. तेवढ्यात विकून मोकळे होऊ." सज्जनहो, खरे सांगतो, आम्ही लगेच 'नाही' म्हणालो नाही. वर्गणीचा पैसा वाचत होता, आणि परक्याच्या पैशाची काळजी वाहताना मनुष्य स्वतःच्या पापाला सहज काटकसर म्हणतो. दाराशी बसलेल्या एक आजी तेवढ्या बोलल्या, "आपला धूर दुसऱ्याच्या दारी नेऊन सोडायचा व्हय, माऊली?"

वाद तेथेच संपला.

ब्लॉक शाबूत निघाला, क्रँकही मापात होता. गाडी ११ वर्षांची. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे तपासणी होऊन ५ वर्षांसाठी वाढते. खालचा पत्रा सडलेला नव्हता, तेव्हा इंजिनावर केलेला खर्च वाया जाणार नव्हता. पत्रा गेला असता, तर चांगले इंजिनही त्यात घालणे शहाणपणाचे नव्हते. बोअर केला, पिस्टन, रिंगा, बेअरिंग नवी घातली. ठरल्याहून ३ हजार अधिक लागले. ते वहीत लिहून सर्वांसमोर वाचले. झिजलेले सुटे भाग ताटात मांडून ठेवले, की ज्याने पन्नास रुपये दिले त्यासही आपला पैसा कोठे गेला ते दिसावे.

पुढे कधी हा ब्लॉक तडकेल. तेव्हा 'या इंजिनाने आपली माणसे जगविली' म्हणून आम्ही त्यास धरून बसणार नाही. ज्याने सेवा केली त्यास सेवा संपल्यावर सोडणे, ही कृतघ्नता नव्हे. मात्र सोडण्यापूर्वी खोलून पाहावे, मोजावे, आणि आपला धूर कुणाच्या अंगावर जातो आहे तेही मागे वळून पाहावे. गाडीचे असो, संस्थेचे असो, की घरातल्या तंट्याचे असो, आम्हांस तरी हा क्रम उपयोगी पडला.