‘आपलीच लेकरं’ म्हणताना

दत्तजयंती जवळ आली की आपल्या जुन्या शहरात अन्नदानाच्या पावत्या फाटू लागतात. एखाद्या बालगृहात खाऊ देऊन यावं, असंही याच दिवसांत बऱ्याच घरांत ठरतं. यंदा आमच्याकडेही विषय निघाला. मुलगा परदेशी असतो. तिकडची काही कुटुंबं सुटीत आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांतल्या बालआश्रमांत आठ-पंधरा दिवस सेवेला जातात. तो म्हणाला, “बाबा, नातवंडांना घेऊन आपण वज्झरला जाऊ.”

वज्झर आपल्याला दूर नाही. अकोट, अंजनगाव करत परतवाड्याकडे गेलं की अचलपूर तालुक्यातलं हे ठिकाण. शंकरबाबा पापळकरांनी तिथं बेवारस मतिमंद, मूकबधिर, अंध लेकरं सांभाळली. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती एक साधी गोष्ट. या लेकरांना बापाचं नाव म्हणून त्यांनी स्वतःचं नाव दिलं. जळगाव रेल्वे स्थानकावर टाकून दिलेली एक दृष्टिहीन मुलगी तेच नाव लावून वाढली आणि २०२४ मध्ये एमपीएससीची परीक्षा उत्तीर्ण झाली. अठरा वर्षं झाली की बालगृह सोडावं लागतं. दिव्यांग बेवारसांना हा नियम लावू नका, ही बाबांची जुनी मागणी. बापाचं बापपण अठराव्या वर्षी थोडंच संपतं!

मग जन्मभराचं नाव देणाऱ्याच्या अंगणात एका दिवसासाठी जाणाऱ्यानं काय द्यावं?

शेजारचे काका फटकळ आहेत. म्हणाले, “लेकरायले खाऊ द्याचा, फोटो काढाचा अन् चार वाजता निंघून याचं. सेवा कोनाची झाली?” बोलणं कडू, पण खोटं नाही. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनंही ठरावात म्हटलं, की पर्यटनासोबत होणाऱ्या अनाथालयांतल्या अशा सेवेनं मुलांना होणारी हानी टाळली पाहिजे. कारण उघड आहे. लेकरू मांडीवर बसतं, जीव लावतं, आणि संध्याकाळी गाडी निघून जाते. ज्याला एकदा कुणी टाकून गेलं, त्याला पुन्हा तोच अनुभव.

श्रीगुरुचरित्राच्या पाचव्या अध्यायातली सुमतीमाता आठवा. घरी श्राद्ध, ब्राह्मण अजून जेवायचे, आणि भर माध्यान्ही दारात अतिथी. तिनं आपली सोय पाहिली नाही, भिक्षा वाढली. तिचे उरलेले दोन मुलगे, एक आंधळा, एक पांगळा. प्रसन्न झालेल्या दत्तप्रभूंनी तिला ‘जननी’ म्हणून हाक मारली, तेव्हा तिनं मागणं केलं ते हेच, की हा शब्द खरा करा. आणि देवानं तो खरा केला. श्रीपाद श्रीवल्लभ होऊन तिच्या पोटी आले.

मला वाटतं, उत्तर इथंच आहे. बालगृहात आपण सहज म्हणतो, “ही आपलीच लेकरं.” देवालासुद्धा एका ‘जननी’ शब्दासाठी जन्म घ्यावा लागला, आपला शब्द इतका स्वस्त कसा? जेवढा पाळता येईल, तेवढाच बोलावा.

मग जाऊच नये का? जावं. अवधूताच्या चोवीस गुरूंत एक बालकही आहे. पण अवधूत शिकला तो दुरून, विनयानं. त्या बालकाला पत्ताही नव्हता. आपल्या नातवाला “बघ, तू किती नशीबवान” हे कळावं म्हणून दुसऱ्याच्या लेकराचं दुःख दाखवायला नेणं, हे काही शिष्यपण नव्हे.

आमच्या घरी शेवटी असं ठरलं : आधी फोन करून काय हवं ते विचारायचं. धान्य असो, साबण असो, सांभाळणाऱ्यांच्या हाती द्यायचं. फोटो नाही. आणि वाढदिवस-सणाला न जाता वैशाखात जायचं, कारण भूक पंचांग पाहून लागत नाही. पुढच्या वर्षीही जायचं, त्याच्या पुढच्याही. नातवानं विचारलं, “आजोबा, तुम्ही थकलात तर?” म्हटलं, “तेव्हा तू जायचं.” तो “हो” म्हणाला. तो शब्द त्याच्याकडून पाळून घेणं, हे आता माझं काम.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥