नित्याच्या प्रसंगांतून बोध कसा घ्यावा?

आपल्या मंडळ्यांत एक चांगली सवय पूर्वीपासून चालत आली आहे. चूल पेटविताना, पेरणी करिताना, चुकलेली शेळी शोधिताना जे दृष्टीस पडते, त्यातून देवाच्या राज्याविषयी काही शिकावे, अशी ती सवय होय. खुद्द प्रभूनेच ती घालून दिली. पेरणारा, खमीर, हरवलेले नाणे, चिमण्या, दिवा अशा घरगुती गोष्टी त्याच्या उपदेशात पदोपदी आढळतात. परंतु ह्या सवयीत एक धोकाही आहे. तो आमच्या ध्यानात हिरकणीवाडीस आला. तो प्रसंग आम्ही येथे सांगतो, कारण त्यातील दोष आमचाच होता.

हिरकणीवाडी ही रायगडाच्या पायथ्याची वाडी. तिच्या नावाची कथा वाचकांस ठाऊकच आहे. हिरकणी नावाची गवळण गडावर दूध घालावयास गेली. कोजागिरीच्या संध्याकाळी दरवाजे बंद झाले, आणि खाली घरी तान्हे मूल भुकेले होते. ती तुटलेल्या कड्यावरून अंधारात उतरून मुलापाशी पोहोचली. पुढे शिवाजी महाराजांनी तेथे बुरूज बांधविला, असे लोक सांगतात. आता १९९६ पासून ह्याच वाडीतून रोपवे सुरू असून थोड्याच मिनिटांत मनुष्य वर पोहोचतो. तथापि गडाच्या वाटेवर ताक, सरबत विकून पोट भरणाऱ्या बाया आजही दिसतात.

वैशाखातील एका सकाळी आम्ही व आमचे एक उपदेशक मित्र गडाच्या वाटेवर झाडाच्या सावलीत बसलो होतो. इतक्यात एक प्रौढ बाई डोक्यावर ताकाचा हंडा व हातात पिशवी घेऊन चढत आली, आणि आमच्यापाशी थांबली. आम्ही मित्रास म्हणालो, “पाहा, विश्वासणाऱ्याने आपला भार असाच वाहावा. मान स्थिर, दृष्टी वाटेवर!” त्यांनी त्यास हिरकणीची जोड दिली. मग आम्ही दोघेही त्या विषयावर बराच वेळ बोलत राहिलो. बाईने सर्व शांतपणे ऐकिले आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही सांगताय ते खरं आसंल. पन आदी हंड्याला जरा हात लावा. मान भरून आली.”

आम्ही लाजेने उठलो व हंडा उतरविला. ती घटकाभर टेकली, आम्हांस एकेक पेला ताक दिले, आणि पैसे मात्र मोजून घेतले. तेच बरे झाले. तिने फुकट दिले असते तर त्यावरही आम्ही एक उपदेश रचला असता!

तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनात घोळत आहे. बोध वस्तूत असतो, की पाहणाराच तो तिच्यात घालितो? कोणी म्हणतात, सर्व सृष्टी देवाने केली, म्हणून तिचा कणन्‌कण बोलतो. दुसरे म्हणतात, मनुष्य आपल्याच मनातले सर्वत्र पाहतो. दोहोंत काही सत्य आहे. परंतु त्या बाईने तिसरीच गोष्ट शिकविली. समोरच्या मनुष्याचा आपण दृष्टांत केला की तो मनुष्य आपल्याला दिसेनासा होतो. हिरकणीने कड्यावर उभे राहून कोणताही बोध शोधिला नाही. तिचे मूल भुकेले होते, एवढेच तिला ठाऊक होते. बोध मागून आला, आणि तो इतरांस झाला.

ह्याच तालुक्यातील एक मोठे उदाहरण घ्या. तळ्याचे पाणी पिणे ह्याहून साधा प्रसंग कोणता? तरी महाडच्या चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत असताना अस्पृश्य म्हटलेल्या माणसांस मात्र मनाई होती. १९२३ साली कायदेकौन्सिलाने सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव केला, १९२४ साली नगरपालिकेने तळे खुले केले, तरी कोणी ओंजळ भरू शकला नाही. शेवटी २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर आंबेडकर हजारो लोकांसह तेथे गेले व पाणी प्याले. त्यानंतरही कज्जा चालून १९३७ साली मुंबई हायकोर्टात निकाल त्यांच्या बाजूने लागला. जिवंत पाण्यावर प्रवचने करणारे महाराष्ट्रात त्यापूर्वीही पुष्कळ होते. परंतु शोमरोनी बाईपाशी प्रभूने कोणत्या क्रमाने बोलणे केले, ते आपण विसरतो. ज्या लोकांचे भांडे त्याचे लोक शिवत नसत, त्यांतल्याच एका बाईपाशी त्याने आधी प्यावयास पाणी मागितले. जिवंत पाण्याची गोष्ट त्यानंतर काढिली.

मग बोध घेणे सोडून द्यावे काय? मुळीच नाही. विचारावाचून केलेले श्रम मनुष्यास घाण्याच्या बैलासारखे करितात, आणि हंडा वाहणारीलाही आपल्या श्रमाचा अर्थ कळावा, असा तिचा हक्क आहे. फक्त क्रम सांभाळावा: आधी हात, मग शब्द. उपदेशकबंधूंनी एखाद्याच्या कष्टाचा दाखला उपासनेत देण्यापूर्वी आपल्या मनास विचारावे, तो मनुष्य समोर बसला असता तर मान डोलावील, की खाली घालील?

ह्या भागात वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. परंतु उतार तीव्र व खाली काळा कातळ. म्हणून पाणी काळ व गांधारी ह्या नद्यांनी सावित्रीस मिळते आणि समुद्रास जाते. मग उन्हाळ्यात कित्येक वाड्यांतील बायांस दुरून पाणी आणावे लागते. कृपेची वृष्टी होते आणि आपण ती साठवीत नाही, हा ह्यावरील उपदेश सुरेख आहे, आणि खराही आहे. तो अवश्य करावा. परंतु ज्या आठवड्यात तो करावयाचा, त्याच आठवड्यात मंडळीने घमेली-फावडी घेऊन वाडीच्या विहिरीतला गाळ काढावयास उतरावे. मग तो उपदेश कोणासही समजावून सांगावा लागणार नाही.