मंडळी आधी, इमारत मागून

मराठी ख्रिस्ती माणूस 'चर्च' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा इमारत असते. तिथे जमणाऱ्या माणसांसाठी त्याचा शब्द वेगळा आहे: 'मंडळी'. हा भेद मला फार मोलाचा वाटतो, कारण चर्चचा इतिहास लिहायला बसलं की नेमकी मंडळीच राहून जाते. कोनशिला, घंटा, भिंतीवर मिशनऱ्यांच्या नावांची पाटी. तेवढ्यावर इतिहास आटोपतो.

नगरचंच घ्या. अमेरिकन मराठी मिशन तिथे 1831 मध्ये आलं आणि 1833 मध्ये पहिली मंडळी स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या सभासदांत मिशनने आसरा दिलेले आंधळे, पांगळे, निराधार लोक होते. पुढे खेड्यापाड्यांतली महार कुटुंबं मोठ्या संख्येने आली. 1854 मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. दोघेही जन्माने ब्राह्मण. गावात ज्यांची सावलीही चालत नव्हती, त्यांच्या हातावर आता हे पाळक प्रभुभोजनाची भाकर ठेवणार होते. जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. मंडळीतही लग्न जुळवताना जात पुन्हा डोकं वर काढायची, हेही खरं आणि ते झाकू नये. तरीही त्या भाकरीइतकी मोठी गोष्ट कुठल्याही कमानीत नाही.

आणि इमारत तरी कशावर उभी राहते? कापणीच्या सणाला वेदीपुढे बाजरी, भोपळे, लिंबं, पाय बांधलेली कोंबडी येते. उपासना संपली की अंगणात लिलाव. एखादी आजी स्वतःच आणलेली अंडी बाजारापेक्षा चढ्या भावाने बोली लावून परत घरी नेते. गळक्या छपराची कौलं अशा पैशांतून बदलतात. तिचं नाव मात्र कुठल्याच पाटीवर येत नाही.

ते नाव सापडलं तर बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत सापडेल. तुमच्या गावात जुनं चर्च असेल, तर पाळकांना भेटा, ती वही कपाटातून बाहेर काढायला सांगा आणि कसर लागण्याआधी तिचं पान न् पान उतरवून घ्या.